करवंदाचं बोन्साय, मेलेलं लाकूड आणि आपला पाऊस

बोन्सायवर झाड म्हातारं दिसावं म्हणून साल काढून मेलेलं लाकूड उघडं ठेवतात, फांदीवर केलं की जिन, खोडावर केलं की शारी. या जिन-शारीचे फोटो सगळे जुनिपर या सूचिपर्णी झाडाचे असतात, आणि जुनिपर आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत माझ्याकडे काही तग धरत नाही, म्हणून मी हा खटाटोप गडग्यातून निघालेल्या जुन्या करवंदावर केला. लाकूड घट्ट, चिवट, या कामाला एकदम बेस्ट. वड-पिंपळाच्या नादी लागू नका, मऊ लाकूड, लगेच कुजतं.

वरची सुकी फांदी सोलून जिन केलं, बुंध्यावर एका बाजूची साल काढून शारी. साल काढताना जिवंत फांद्यांना खालून रस पोचवणारी पट्टी सलग राहिली पाहिजे, ती तुटली की वरचा भाग गेलाच. करवंदाचा चीक हाताला चिकटतो तो वेगळाच ताप. मग लाकूड उन्हात चांगलं वाळू दिलं, टूथब्रशने घासलं.

आता लाइम सल्फर, म्हणजे मेलेलं लाकूड पांढरं करणारं आणि बुरशी रोखणारं चुना-गंधकाचं द्रावण. तयार बाटली मिळते, पण मी घरीच उकळलं: वजनाने १ भाग कळीचा चुना, २ भाग गंधक, १० भाग पाणी, जुन्या स्टीलच्या पातेल्यात, मागच्या पडवीच्या बाहेर, हातमोजे-चष्मा घालून, रंग गडद तांबूस होईपर्यंत. तांब्या-पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको. वास सडक्या अंड्याचा, शेजारच्या काकू गडग्यावरून ओरडल्या, "काय रे, गटार उपसतोयस की काय?" आणि घरात चांदीचं काही उघडं असेल तर ते आत ठेवा, काळं पडतं. टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अॅसिड जवळपास नको, त्यातून निघणारा गॅस खरंच विषारी असतो.

लावताना लाकूड किंचित ओलं केलं म्हणजे द्रावण आत शोषलं जातं, कुंडीतली माती प्लॅस्टिकने झाकली, जिवंत सालीवर ओघळ येऊ दिला नाही. लावल्यावर सगळं भडक पिवळं दिसतं, घाबरायचं नाही, फेब्रुवारीच्या उन्हात हळूहळू पांढरं होतं. अगदी चुना फासल्यासारखं पांढरं मला आवडत नाही म्हणून पुढच्या हाताला द्रावणात थोडी काळी शाई टाकली, राखाडी छटा आली, जुनं वाटतं.

पण खरं सांगू का, आपल्याकडे रंगाचा प्रश्न नाहीच, पाण्याचा आहे. लाइम सल्फर बुरशीला वरवर रोखतं, आत फारसं शिरत नाही, आणि जून ते सप्टेंबर पाऊस ते धुऊन टाकतो. लाकूड कुजतं ते बुडाशी, जिथे माती टेकते तिथे. म्हणून मी शारीच्या खालची माती उकरून तिथे जांभ्याची बारीक खडी भरली, पाणी साचणाऱ्या खोबणीला खालच्या बाजूने चर काढून वाट करून दिली, आणि बुडाच्या लाकडात वुड हार्डनर, म्हणजे लाकूड टणक करणारं द्रावण, मुरवलं. कुंडी पागोळीखालून हलवली ती वेगळीच. एवढं करूनही श्रावणात शेवाळ धरलंच, ते ब्रशने निघतं, लाकूड मात्र नखाने दाबलं तर टणक लागतंय. ऑक्टोबरचं ऊन पडलं, नीट वाळलं की परत एक हात मारायचा, तेव्हा काकूंना आधी सांगून ठेवीन.