ट्यूब कमी भरली तर सांगा, लपवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या लॅबला डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची, नवीन बॅच पोस्टिंगला आली. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, मॅडम इथं मशीन कुठकुठले आहेत? मशीन शिकाल रे, महिन्याभरात हात बसतो. मला दुसरंच सांगायचं होतं, ते सकाळच्या गर्दीत राहून गेलं म्हणून इथं लिहितेय.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डमधल्या एका काकांची शीर काही केल्या सापडेना, दोनदा टोचलं, जांभळ्या टोपणाची ट्यूब कशीबशी भरली आणि लाल टोपणाची प्लेन ट्यूब तळालाच राहिली. काका वैतागलेले, तिसऱ्यांदा टोचायची माझी हिंमत होईना, मग मी जिन्यात थांबून जांभळीतलं थोडं रक्त लालमध्ये ओतलं. रक्त त्याच माणसाचं आहे की, काय फरक पडतो, असं वाटलं. दुपारी रिडींग आलं, पोटॅशियम ९ च्या वर आणि कॅल्शियम पार तळाला. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, म्हणजे पोटॅशियमचंच मीठ, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून तर रक्त गोठत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते पण जिन्यात आठवलं नाही. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं, खरंच ९ झालं तर हृदय कधीही थांबू शकतं, त्यामुळे असा आकडा आला की ताबडतोब डॉक्टरांना फोन जातो आणि ते उपचार सुरू करतात. सरांना आकडे बघूनच शंका आली, त्यांनी सगळ्यांना विचारलं ही ट्यूब कुणी भरली, आणि मी गप्प बसले. पाचेक मिनिटं गेली असतील. सर वॉर्डला फोन लावायला लागले तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, सर मी ओतलं. ते ओरडले नाहीत, माझ्यासोबत वर आले, काकांना सांगितलं की आमच्याकडून चूक झालीय, परत रक्त घ्यावं लागेल. नवीन सॅम्पलमध्ये पोटॅशियम ४.२.

ओतायची चूक अज्ञानाची होती, ती एक वेळ समजू शकते. पण ती पाच मिनिटं मला आजही सलतात.

नाव विचारायचं तेही नीट. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातून विडी वळणाऱ्या कितीतरी बायका तपासणीला येतात, घरात तेलुगू बोलतात, आणि एकाच दिवशी तीन लक्ष्मी रांगेत असतात. "लक्ष्मी ना तुम्ही?" असं विचारलं की आजी मान हलवतात, कारण पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. म्हणून "तुमचं पूर्ण नाव काय?" असंच विचारा, गरज पडली तर तेच तेलुगूत, "मी पेरेंटी?" म्हणा, आजींचा चेहरा कसा खुलतो बघा. लेबल तिथंच लावायचं, त्यांच्यासमोर, रक्त काढल्यावर. खिशात चार बिनलेबलच्या ट्यूब टाकून टेबलापर्यंत यायचं नाही.

सुई परत टोपणात घालू नका, सरळ पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच सांगा, घाबरून रूमवर जाऊन झोपू नका, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच पाहिजेत. मोबाईल, ग्लोव्हज, वेळेवर येणं याबद्दल रोज बोलतेच, ते परत लिहित नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. सोलापूर किती मोठं झालं तरी पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. रजिस्टरमध्ये शेजारच्या काकूंचं नाव दिसेल, गल्लीतल्या पोराचा एचआयव्हीचा रिपोर्ट दिसेल. ते घरी आईलाही सांगायचं नाही. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कुणाचं ठरलेलं लग्न, कुणाची नोकरी तुमच्या एका वाक्यावर मोडू शकते हो.

काल त्याच बॅचमधली एक मुलगी निळ्या टोपणाची ट्यूब घेऊन माझ्याकडे आली, पीटीची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची होती, अर्धीच भरलेली. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव, असं माप असतं, रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला वेळ लागतोय असा खोटाच रिपोर्ट येतो. "मॅडम, हे चालणार नाही ना? माझ्याच हातून कमी भरलीय." चालणार नाही म्हटलं. तिने नवीन ट्यूब उचलली आणि परत त्या पेशंटकडे गेली, "काका, माफ करा हं, अजून एकदा हात द्या" म्हणत.