हाडे आणि तैलरंग : रहस्यकादंबऱ्यांच्या वाचनाची पुढची नोंद

न्यायवैद्यक तज्ज्ञ नायक असलेली एक कादंबरी आणि तिच्यामागून चित्रांच्या व्यवहारात घडणारी एक, असे आलटून पालटून वाचायचे, हा पावसाळ्यात धरलेला नेम अजून मोडलेला नाही. दोन्ही जाती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते : हाड तपासणारा असो वा चित्र तपासणारा, प्रयोगशाळा दोघांनाही ‘हे नव्हे’ एवढेच खात्रीने सांगते, ‘हेच आहे’ असे क्वचितच सांगते. ज्या लेखकाला ही मर्यादा कळली आहे त्याचे कथानक घट्ट विणले जाते, आणि ज्याला कळलेली नाही त्याच्या शेवटच्या प्रकरणात अहवाल येतो आणि रहस्य आपोआप सुटते. या वेळच्या नोंदी याच कसोटीवर लिहिल्या आहेत.

सुरुवात जुन्यापासून केली. ऑस्टिन फ्रीमन यांची ‘द रेड थंब मार्क’ ही न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. थॉर्नडाइकची पहिली कादंबरी १९०७ सालची. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात निघाले, स्कॉटलंड यार्डने ती पद्धत १९०१ मध्ये उचलली, आणि १९०५ मध्ये स्ट्रॅटन बंधूंना मुख्यतः एका अंगठ्याच्या ठशाच्या जोरावर खुनाबद्दल फाशी झाली. ठसा म्हणजे ब्रह्मवाक्य असे लोकांना वाटू लागले होते, अशा वेळी पेशाने डॉक्टर असलेल्या या लेखकाने असे प्रकरण रचले की तिजोरीतला रक्ताचा ठसा निःसंशय आरोपीचाच, पण तो तिथे उमटवणारा हात त्याचा होता का, हा प्रश्न उरतोच. पुढच्या शंभर वर्षांतल्या पुष्कळ न्यायवैद्यक कादंबऱ्यांना हा संशय झेपलेला नाही. भाषा मात्र संथ आहे आणि प्रेमप्रकरणाची पाने मी भराभर उलटली.

या सत्रात सर्वाधिक वेळ ॲरन एल्किन्स यांना दिला आणि त्याचे समाधान आहे. त्यांच्याकडे दोन्ही जातींचे नायक आहेत. १९८२ मध्ये ‘फेलोशिप ऑफ फिअर’पासून सुरू झालेला गिडिअन ऑलिव्हर हा मानववंशशास्त्राचा प्राध्यापक, आणि १९८७ मध्ये आलेला ख्रिस नॉर्ग्रेन हा संग्रहालयातला अभिरक्षक. ऑलिव्हरची ‘ओल्ड बोन्स’ही १९८७ चीच, तिला पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट कादंबरीचा एडगर हा रहस्यकथांसाठीचा अमेरिकी पुरस्कार मिळाला. माँ-सँ-मिशेलच्या उपसागरात भरतीच्या पाण्यात एक म्हातारा जमीनदार बुडतो, आणि वारसदार जमलेले असतानाच त्याच्या वाड्याच्या तळघरात एक अर्धामुर्धा सांगाडा सापडतो. घरच्या मंडळींनी युद्धकाळातल्या एका जर्मन अधिकाऱ्याचे नाव लगेच पुढे करावे आणि ऑलिव्हरने हातातल्या हाडांकडे बघत हळूहळू मान हलवावी, या भागात कादंबरीची खरी गंमत आहे.

हाडे काय सांगतात आणि कुठे गप्प बसतात याची एल्किन्स यांना पक्की जाण आहे, कारण ते स्वतः मानववंशशास्त्र शिकवत असत. वाचताना मी शेजारी न्यायवैद्यकाचे एक पाठ्यपुस्तक उघडे ठेवले होते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. कटीच्या हाडांवरून प्रौढ व्यक्ती स्त्री की पुरुष हे बऱ्यापैकी विश्वासाने सांगता येते. वयाचे गणित मात्र विचित्र आहे : वाढीच्या वयात हाडांची टोके ठरावीक क्रमाने सांधत जातात, त्यामुळे अंदाज नेमका येतो, गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीच्या पुढेमागे, सांधते, आणि ते एकदा सांधले की पुढचे वय केवळ झिजेवरून ताडावे लागते. म्हणजे विशीतल्या मृताचे वय दोनचार वर्षांच्या फरकाने सांगणारा तज्ज्ञ साठीच्या मृताबाबत दहा-पंधरा वर्षांची फट सोडतो, आणि नेमक्या त्या फटीतून रहस्यकथा आत शिरते. गळ्यातल्या लहानशा हायॉइड हाडाचेही तसेच : ते मोडलेले दिसले तर गळा आवळल्याचा संशय घ्यावा, पण ते शाबूत आहे म्हणून गळा आवळला गेला नाही असे म्हणता येत नाही. हे बारकावे पात्रांच्या बोलण्यातून, जेवणाच्या टेबलावर, पत्नी ज्युलीच्या थट्टेतून येतात. कुठेही व्याख्यान वाटत नाही.

कॅथी राइक्स यांची ‘देजा डेड’ (१९९७) ही तुलनेसाठी लगेच घेतली. राइक्स स्वतः न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ असून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले आहे, आणि त्यांची नायिका टेम्परन्स ब्रेनन हिचेही कामाचे ठिकाण तेच. हाडांवर करवतीने पडलेल्या चरांवरून पात्याची जात ओळखायची, हा या कादंबरीचा कणा आहे. चराची रुंदी, तळाचा आकार, दात कोणत्या दिशेने गेले याची माहिती राइक्स ज्या संयमाने देतात तो वाखाणण्याजोगा आहे. उत्तरार्धात नायिका एकटीच काळोखात जाऊन संकट ओढवून घेते तेव्हा मात्र संयम सुटतो. एल्किन्सचा प्राध्यापक असले साहस करताना जरा अवघडतो आणि म्हणून अधिक पटतो.

पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या ‘पोस्टमॉर्टेम’बद्दल (१९९०) माझे मत बहुधा कमी जणांना आवडेल. व्हर्जिनियाची मुख्य शवचिकित्सक के स्कार्पेटा हे पात्र दमदार आहे, पण कादंबरी ज्या साधनांवर उभी आहे ती साधने जुनी झाली : लेझरच्या उजेडात चमकणारे कण आणि नव्यानेच हाती आलेली डीएनए चाचणी यांचे तेव्हाचे अप्रूप आज उरत नाही. यंत्राचे कौतुक लवकर शिळे होते, हाडाचे होत नाही. (आपल्याकडे ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’ या बातमीतल्या वाक्याने कित्येक प्रकरणांवर पडदा पडतो, त्या राखून ठेवलेल्या व्हिसेरापासून, म्हणजे मृताच्या देहातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांपासून, सुरू होणारी मराठी रहस्यकादंबरी मला वाचायची आहे. कोणाच्या पाहण्यात असल्यास जरूर कळवावे.)

याच लेखिकेने २००२ मध्ये कादंबरी बाजूला ठेवून वॉल्टर सिकर्ट हा चित्रकारच लंडनचा कुप्रसिद्ध, कधीच न सापडलेला खुनी जॅक द रिपर होता असा दावा करणारे पुस्तक लिहिले. त्यातला एक आधार होता पत्रांवर मिळालेला मायटोकाँड्रियल डीएनए. तो आईकडून येतो आणि असंख्य लोकांत सारखाच असू शकतो. त्यावरून एखाद्याला संशयितांच्या यादीतून वगळता येते, पण एकट्याच्या गळ्यात गुन्हा बांधता येत नाही. बहुतेक अभ्यासकांनी हा दावा मानला नाही. कादंबरीत जी मर्यादा स्कार्पेटाने पाळली असती ती सत्यकथेत ओलांडली गेली, असे मला वाटते.

आता चित्रांकडे. नॉर्ग्रेनच्या तीन कादंबऱ्यांपैकी ‘अ डिसेप्टिव्ह क्लॅरिटी’ बर्लिनमध्ये, नाझींनी लुटलेल्या आणि परत मिळालेल्या चित्रांच्या प्रदर्शनाभोवती घडते. परंतु माझी आवड ‘ओल्ड स्कोअर्स’ (१९९३). एक फ्रेंच संग्राहक सिॲटलच्या संग्रहालयाला रेम्ब्रांटचे चित्र देऊ करतो, अट एकच : कोणतीही शास्त्रीय चाचणी करायची नाही. एका अटीने लेखकाने प्रयोगशाळेला कुलूप घातले आणि नॉर्ग्रेनच्या हाती फक्त डोळे आणि अनुभव ठेवले. चाचणी झाली असती तरी किती उपयोग झाला असता, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. वोल्फगांग बेल्ट्राची या जर्मन बनावट चित्रकाराने कांपेंडोंक या चित्रकाराच्या नावावर खपवलेल्या, १९१४ सालच्या म्हणवल्या गेलेल्या चित्रात टायटॅनियम पांढरा सापडला आणि बिंग फुटले, कारण तो रंग तेव्हा चित्रकारांना मिळतच नव्हता. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याने योग्य पांढरा वापरला असता, तर रंगद्रव्याच्या अहवालात चित्र खोटे ठरवण्याजोगे काहीच सापडले नसते, आणि तेवढ्याने ते खरे ठरले नसते.

आर्तुरो पेरेझ-रेव्हेर्ते यांच्या ‘द फ्लँडर्स पॅनल’मध्ये (मूळ स्पॅनिश, १९९०) माद्रिदची चित्रसंवर्धक ज्युलिया पंधराव्या शतकातल्या एका फळीचित्राची क्ष-किरण तपासणी करते आणि रंगाखाली झाकलेले लॅटिन वाक्य उजेडात येते : सरदाराला कोणी मारले? क्ष-किरण इथे प्रश्न देतो, उत्तर चित्रातल्या बुद्धिबळाच्या पटावरची खेळी उलट्या क्रमाने उलगडून मिळवावे लागते. ही योजना अप्रतिम आहे. वर्तमानातल्या खुनांचा उलगडा तितका साधलेला नाही.

इयन पिअर्स यांच्या कलाजाणकार जोनाथन आर्गाइल आणि पोलिसातली फ्लाव्हिया यांच्या सात कादंबऱ्यांपैकी ‘द राफाएल अफेअर’ झाली. रोममधला पोलीस विभाग, कचेरीतले राजकारण, जनरल बोत्तांदोचा थकलेला विनोद, सगळे खुसखुशीत आहे. जोनाथन गॅश यांच्या लव्हजॉय या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला (१९७७ पासून) अस्सल जुनी वस्तू पाहताच अंगात जाणीव होते. वाचायला मौज येते, पण नायकाला असा साक्षात्कार होऊ लागला की तपासाला जागाच उरत नाही.

शेवटी डोरोथी सेयर्स यांची ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ (१९३१), जिच्यात दोन्ही जाती एका दगडाळ ओढ्यात भेटतात. स्कॉटलंडच्या गॅलोवे भागात एक भांडखोर चित्रकार ओढ्यात पडून मेलेला आढळतो. काठावर त्याचे अर्धवट चित्र, रंग अजून ओला. ओल्या रंगाच्या हिशेबाने तो सकाळी जिवंत होता. देहाच्या ताठरपणाच्या हिशेबाने तो त्याआधीच गेलेला. सेयर्स यांचा हौशी गुप्तहेर पीटर विम्झी मृताच्या रंगांच्या नळ्या एकेक करून तपासतो आणि जी वस्तू तिथे असायला हवी ती नाही हे त्याच्या लक्षात येते. ती कोणती, हे लेखिका तिथे मुद्दाम सांगत नाही, चाणाक्ष वाचक ओळखेलच म्हणून सोडून देते. त्यामुळे मीही ते लिहीत नाही. आगगाडीच्या वेळापत्रकांची प्रकरणे मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय उलगडत नाहीत.

पुढच्या टप्प्यात एल्किन्स पतिपत्नींनी मिळून लिहिलेली ‘अ डेंजरस टॅलेंट’ (२०१२) आणि पिअर्सची उरलेली पुस्तके घेणार आहे. ‘देजा डेड’नंतरच्या ब्रेनन मालिकेतले नेमके कोणते पुस्तक आधी घ्यावे यावर जाणकारांनी सल्ला द्यावा, करवतीच्या खुणांइतके ठोस काहीतरी असलेले हवे.