वॉट नॉट

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जुनं इंग्रजी गद्य शिकवत होते. १६११ च्या इंग्रजी बायबलातला उतारा होता. विहिरीवरून तंटा झालेला, अब्राहाम जाब विचारतो आणि अबीमलेख राजा म्हणतो, "आय वॉट नॉट हू हॅथ डन धिस थिंग."

एका मुलीने हात वर केला. "मॅडम, ही छपाईची चूक आहे का? व्हॉट हवं ना?"

चूक नव्हती. वॉट म्हणजे 'मला ठाऊक आहे'. मी फळ्यावर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतली रूपं लिहिली: मी जाणतो, 'इच् वात'; तो जाणतो, 'हे वात'; अनेकवचनात स्वर आखूड होऊन 'वितोन'. खडू खाली ठेवतेय तोच ती पुटपुटली, "वेद, विद्व, विद्म..."

शाळेत संस्कृत घेतलं होतं तिने. 'विद्' म्हणजे जाणणे, या धातूची ही रूपं: मी जाणतो, आम्ही दोघं जाणतो, आम्ही जाणतो. मी थांबलेच. इतकी वर्षं हा उतारा शिकवतेय, विद् आणि वॉट एका कुळातले हे वाचलेलंही होतं, पण रूपंच्या रूपं अशी शेजारी कधी ऐकली नव्हती.

'वेद' हे रूप घडणीने परोक्ष भूतकाळाचं, तरी चकार, ददर्श यांसारखं त्यात द्वित्व, म्हणजे सुरुवातीच्या अक्षराची पुनरावृत्ती, नाही आणि अर्थ वर्तमानाचा. पाणिनीला त्यासाठी वेगळं सूत्र करावं लागलं: विदो लटो वा, म्हणजे विद् धातूला वर्तमानकाळात हे प्रत्यय विकल्पाने लागतात. वॉटचीही तीच तऱ्हा, आणि ग्रीक 'ओइदा'चीही. मूळ धातूचा अर्थ पाहणं. पाहून झालंय, म्हणून आता ठाऊक आहे.

"म्हणजे इंग्रजी संस्कृतातून आली!" मागच्या बाकावरून आवाज आला. हे मात्र मी तिथल्या तिथे खोडून काढलं. उसना घेतलेला शब्द असता तर 'द' तसाच राहिला असता. मूळचा 'द' इंग्रजीच्या शाखेत नेमाने 'ट' होतो: द्वौ-टू, दश-टेन, तसंच वेद-वॉट. जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. दोघी बहिणी आहेत, आई-लेकी नव्हेत, आणि मला तर हे नातं जास्त मोलाचं वाटतं.

तास संपल्यावर ती वही घेऊन आली. अबीमलेखाच्या वाक्याखाली तिने ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा, सृष्टी कशी झाली हे विचारणाऱ्या, शेवट लिहिला होता: सो अङ्ग वेद यदि वा न वेद. त्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल.

"मॅडम, वॉट नॉट म्हणजे हेच ना, न वेद?"

"हेच गं," मी म्हटलं. पुढच्या तासाला मी दहा मिनिटं उशिरा पोचले.