आधी जमिनीले इचार

विजेवरची गाडी घरी आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी ओवाळलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. सगळं झाल्यावर मी पोर्चमधल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला चार्जर लावला आणि त्याच्या डबीवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. त्याच सॉकेटला इस्त्री लावून पाहिली, ती दोन मिनिटांत तापली. वीज होती, व्होल्टेजही होतं, तरी गाडी वीज घ्यायला तयार नव्हती.

आप्पांना फोन केला. माझे वडील भुसावळच्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये इलेक्ट्रिशियन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते आले ते हातात होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब घेऊनच. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगच्या, म्हणजे वीज जमिनीला जोडणाऱ्या भोकात. बल्ब लागलाच नाही, आतली तार लालसुद्धा झाली नाही. (हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम आहे. वाचून कुणी घरी करून पाहू नये.) मग त्यांनी मीटरची पेटी उघडली. सॉकेटपासून आलेली अर्थिंगची हिरवी वायर पेटीत येऊन एका गंजक्या खिळ्याला गुंडाळलेली होती. पुढे काहीच नाही. आमचं घर १९९४ सालचं, आम्ही जुनंच विकत घेतलेलं. इतकी वर्षं फ्रिज, कूलर, मोटर सगळं तसंच चालत होतं. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, ही आमच्याकडे उन्हाळ्यातली नेहमीचीच गोष्ट समजली जायची.

आप्पा म्हणाले, "ही गाडी बाकीच्यांसारखी नाई. ही आधी जमिनीले इचारते, मंग वीज घेते."

दुसऱ्या दिवशी अंगणात आठ फूट खड्डा खणला. खाली तांब्याची प्लेट, तिच्या भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मधोमध एक जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, वरच्या तोंडाला नरसाळं. माती लोटून वरून चार बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी आप्पांनी पुन्हा बल्ब लावला तेव्हा तो असा लख्ख पेटला की पोर्चच्या भिंतीवर आमच्या सावल्या उमटल्या. चार्जरचा दिवा हिरवा झाला.

ही गोष्ट मी आधी सांगते, कारण इलेक्ट्रिक गाडी घेऊ का असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न अर्थिंगचाच करते. गाडी कितीला पडली, एका चार्जिंगमध्ये किती जाते, हे सगळे विचारतात. आपल्या घराची वीज जमिनीला नीट जोडलेली आहे का, हे कुणी विचारत नाही. खेड्यातल्या निम्म्या घरांत ती नसावी असा माझा अनुभव आहे, आणि झटका बसण्याचा तो धोका गाडीमुळे निर्माण होत नाही. तो आधीपासून घरात असतो, गाडी फक्त दाखवून देते.

मी विज्ञान शिकवते. शाळा सावद्याच्या पलीकडे, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी केळीच केळी. जुनी पेट्रोलची गाडी म्हातारी झाली तेव्हा २०२३ च्या दसऱ्याला ही छोटी हॅचबॅक घेतली. बॅटरी २४ युनिटची, म्हणजे पूर्ण रिकामी असली तर भरायला २४ युनिट आणि वर थोडी घट. साठ किलोमीटरच्या दिवसाला मीटरवर आठेक युनिट पडतात. रात्री जेवणं झाल्यावर लावायची, पहाटेपर्यंत भरते. रोजच्या या फेरीसाठी याहून सोयीचं वाहन मी चालवलेलं नाही.

पहिल्याच रविवारी आत्याला फिरवून आणलं. आत्या फेकरीच्या बाजूला राहते, तिच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या समोर दिसतात. रात्री त्यांच्यावरचे तांबडे दिवे लुकलुकत असतात. गाडीतून उतरल्यावर आत्या मागे गेली, वाकून बंपरखाली पाहिलं, सायलेन्सर दिसला नाही. मग सरळ उभी राहून म्हणाली, "धूर नाई म्हनतं ना व माय, मंग तो निंघतो कुठी?" आणि तिने आपणहूनच मान वळवून चिमण्यांकडे पाहिलं.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले.

ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या तारांच्या देशभरच्या जाळ्यात, सगळी वीज मिसळते. कोयनेची, तारापूरची, साक्रीच्या सौर प्रकल्पाची, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची आणि दीपनगरची. माझ्या सॉकेटमधला कुठला युनिट कुठून आला हे सांगता येत नाही. पण देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे, आणि सरासरी काढली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझी गाडी शंभर किलोमीटरला १३ युनिट घेते, म्हणजे ९ किलो. कोळसा खणून, वाहून आणण्याचा भाग धरला तर १० म्हणू. जुनी गाडी लिटरला १७ द्यायची, म्हणजे शंभर किलोमीटरला जवळपास सहा लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे साडेतेरा किलो झाले. त्यात तेल काढणं, शुद्ध करणं, टँकरने पंपापर्यंत आणणं यांचा पाचवा हिस्सा मिळवला की १६. म्हणजे फरक आहे, आणि तो शंभर किलोमीटरला सहा किलोचा आहे. "शून्य प्रदूषण" असं जाहिरातीत लिहितात तेव्हा मला वाईट वाटतं. सहा किलोचा फरक खरा आहे आणि तो सांगण्यासारखा आहे, त्यासाठी शून्य म्हणायची गरज नाही.

त्यात अजून बॅटरी धरलेली नाही. लिथियम बॅटरी तयार करताना तिच्या एका युनिटच्या क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मधला आकडा धरला तर माझ्या २४ युनिटच्या बॅटरीचे झाले १९०० किलो. ते कर्ज डोक्यावर घेऊनच गाडी दारात आली. शंभर किलोमीटरला सहा किलो या हिशोबाने ते फिटायला तीस-बत्तीस हजार किलोमीटर लागतात. आज ओडोमीटर छत्तीस हजारांच्या पुढे आहे, तेव्हा ती आता कुठे निव्वळ फायद्यात आली. हेच जर कुणी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर गाडी काढत असेल, लग्नकार्याला आणि देवदर्शनाला तेवढी, तर ते कर्ज फेडायलाच आठ-दहा वर्षं जातील. अशांनी आहे ती गाडी नीट सांभाळून चालवावी असंच मी सांगते. माझ्या बॅटरीत लोह-फॉस्फेट आहे, कोबाल्ट नाही, म्हणजे त्याच्या खाणींचा वाद नाही, ही मनाला बरी वाटणारी गोष्ट. जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०२२ मध्ये आले आहेत.

किलोंच्या हिशोबात न बसणारी एक गोष्ट मात्र मी रोज बघते. शाळा सुटताना फाटकाबाहेर रिक्षा, मोटारसायकली, जीपा सुरू ठेवून उभ्या असतात आणि पाचवी-सहावीची मुलं बरोबर सायलेन्सरच्या उंचीला असतात. त्या गर्दीत माझी गाडी धूर सोडत नाही. चिमणीचा धूर मुलाच्या नाकापासून एका हातावर नसतो. पण तो जातो कुणाच्या तरी गावावरच, आणि आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असतं, ती राख कुठल्या तरी गावाशेजारीच साठते. म्हणून आत्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या प्रश्नापायीच २०२४ च्या दिवाळीआधी छतावर तीन किलोवॅटचे पॅनल बसवले. छतावरच्या पॅनलला अनुदान देणारी केंद्राची सूर्यघर योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली होती, ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं. गाडीमुळे बिल तीनशे युनिटच्या वर जाऊन वरचा दर लागत होता, तेही थांबलं. चांगल्या दिवशी बारा युनिट तयार होतात, गाडी आणि घर मिळून महिन्याचा हिशोब जवळपास जुळतो. पण कागदावर हिशोब जुळला म्हणून प्रश्न सुटत नाही. दुपारी ऊन असतं तेव्हा गाडी सावद्याला उभी असते. घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला. दिवसा मी ग्रिडला उन्हाची वीज देते आणि रात्री बहुतेक कोळशाची परत घेते. दिवसा दिलेल्या विजेने तेवढा कोळसा वाचतो हे खरं आहे, तरी माझी गाडी शक्य तितकी थेट उन्हावर चालावी असं मला वाटत राहिलं.

वाट निघाली ती शाळेच्या वेळापत्रकातून. शनिवारी सकाळची शाळा असते. बारापर्यंत घरी पोचते, तेव्हा पॅनल भरात असतात. गाडी लगेच लावते. रविवारी पुन्हा दुपारी. आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे उन्हामुळे रोजच सकाळची शाळा होते, तेव्हा तर आठवडाभर दुपारचंच चार्जिंग. जळगाव जिल्ह्याच्या ज्या उन्हाला आम्ही सगळे वैतागतो, त्या उन्हाने शाळेची वेळ बदलली आणि तेच ऊन गाडीत भरायला मला दुपार मिळाली, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण ऊन देतं तसं घेतंही. पारा ४५ वर गेला की पॅनलची काच हात ठेववणार नाही इतकी तापते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी ऊन सगळ्यात कडक आणि उत्पादन मार्चपेक्षा कमी. गाडीचंही तसंच. कागदावर एका चार्जिंगला तीनशे किलोमीटरच्या आसपास सांगतात, हिवाळ्यात मला दोनशे-दोनशे दहा मिळतात. मेमध्ये एसी गाडीबरोबर बॅटरीलाही थंड करत असतो, तेव्हा एकशे सत्तर धरून चालते. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, कडुनिंबाखाली तासभर निवू देते. त्या महिन्यात ऐंशी टक्क्यांच्या वर सहसा भरत नाही.

एकदाच हे गणित चुकलं. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला लग्नाला निघालो, एकशे ऐंशीच्या वर अंतर, गाडीत चौघं आणि सामान. जळगाव सोडल्यापासून अजिंठ्याचा घाट चढून वरच्या पठारावर जाईपर्यंत साडेतीनशे-चारशे मीटरचा चढ आहे. एवढं वजन तेवढं उचलायला दोन युनिट जातात, हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवते. ते मी धरलं होतं. वाटेतल्या एका हॉटेलवरचं चार्जर बंद असेल हे धरलं नव्हतं. शेवटी सिल्लोडच्या बाजूला एका ओळखीच्यांकडे साध्या सॉकेटला लावून तीन तास बसलो. त्यांच्या घरी अर्थिंग होतं म्हणून. नाहीतर मुहूर्तच चुकला असता, आता तो फक्त हुकता हुकता राहिला.

तेव्हापासून मी ठरवून टाकलंय, की या गाडीचा पल्ला म्हणजे भुसावळ, जळगाव, फैजपूर, रावेर, चोपडा. पुण्या-मुंबईला जायचं तर भुसावळकरांना जंक्शन आहे. रात्री बसायचं, सकाळी पोचायचं. आप्पा तर म्हणतात, विजेवरची सगळ्यात चांगली गाडी भुसावळात फार आधीपासून आहे, तिला बॅटरी लागत नाही, ती वरच्या तारेतून घेते. उतारावर मोटरने वीज परत करण्याची जी गोष्ट माझ्या गाडीच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापली आहे, ती रेल्वेच्या नव्या इंजिनांतही आहे, हेही ते सांगतात.

यंदा शाळेत मी एक विषय लावून धरला. दिवसा गाड्या जिथे उभ्या असतात तिथेच पॅनल हवेत. शाळेचं छप्पर मोठं आहे, दिवसभर उन्हात आहे, आणि आता आमच्यातल्या दोन शिक्षकांकडे विजेच्या स्कूटर आहेत. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, संस्थेकडे पत्र दिलं. पॅनल कधी येतील ते संस्थेवर आहे. पण सायकल स्टँडजवळ पंधरा अँपियरची तीन सॉकेट आणि त्यांचं अर्थिंग, एवढ्याला होकार आला.

मागच्या महिन्यात खड्डा खणला. आप्पा काठी टेकत आले आणि स्टुलावर बसून प्लेट, कोळसा, मीठ सगळं मुलांच्या हातून टाकून घेतलं. आमची माती काळी, उन्हाळ्यात ती भेगाळते, प्लेटपासून सुटते आणि अर्थिंग मरतं, हे त्यांनी मुलांना मुठीत ढेकूळ घेऊन फोडून दाखवलं. म्हणून नरसाळ्यातून पाणी जात राहिलं पाहिजे. मी त्यासाठी वेगळी बादली ठेवणार होते. तिची गरज पडली नाही. मधल्या सुट्टीत डबे झाले की नववी-ब ची मुलं रांगेने येतात आणि बाटलीत उरलेलं पाणी त्या पाइपात ओततात. परवा मी सॉकेटला मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक व्होल्ट दाखवत होता, म्हणजे अर्थिंग ठीक. आकडा वहीत लिहायला एक मुलगी वही घेऊन आधीच उभी होती.