शोणाची पानं

दहावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत मी 'मृत्युंजय' तीन दिवसांत वाचून संपवली, असं सगळ्यांना सांगत फिरायचो. खरं तर वाचली होती अर्धीच. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण ती आपापल्या तोंडून सांगतात. मला हवा होता फक्त कर्ण. वृषाली बोलायला लागली की अंगठ्यात पानांचा गठ्ठा धरायचा आणि पुढचा कर्ण गाठायचा. वाचनालयाची प्रत बघितली तर गावातली सगळी पोरं तशीच असावीत. कर्णाची पानं तेलकट, कोपरे दुमडलेले, वृषालीची मात्र करकरीत.

कवचकुंडलं दान करण्याच्या प्रसंगाला तेव्हा ढसाढसा रडलो होतो. परवा चष्मा लावून तेच पान पुन्हा वाचलं, तर कर्णाचा चक्क राग आला. अरे बाबा, समोर कोण उभा आहे हे कळूनही देतोस? घरच्यांना विचारलंस का? (हा प्रश्न सोळाव्या वर्षी पडला असता तर मी पुस्तक वाचूच शकलो नसतो, हेही खरं.) आता गळा दाटतो तो दुसरीकडेच. हस्तिनापुरातल्या त्या स्पर्धेत आपलेच दोन मुलगे एकमेकांसमोर उभे ठाकलेले बघून कुंती कोसळते, तिथे. तेव्हा ती बेशुद्ध पडली एवढंच वाचून मी पुढे सरकलो होतो.

पण सगळ्यात लाज वाटली ती शोणाची. कर्णाचा धाकटा भाऊ. मीही घरात धाकटा. दादाचा शर्ट, दादाची सायकल, दादाचं नाव खोडून माझं घातलेली भूगोलाची वही. जन्मभर कुणाच्या तरी मागे चालणाऱ्याला सावंतांनी बोलायला पानं दिली होती, आणि मीच ती ओलांडून दादाकडे पळालो होतो!

मे महिन्यात पुतण्या आला, तेव्हा ते पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. दोन दिवस जेवायला हाक मारली तरी उठेना. तिसऱ्या रात्री अंगठा पानांत अडकवून दारात उभा.

"काका, हे शोणाचं वाचायलाच पाहिजे का?"

"नको रे," मी म्हटलं, "जा पुढे."