डुइफोप्रुगार अपडेट: टॉप निघाला, किल्ल्याने मात्र वैताग आणलाय

निघाला एकदाचा टॉप, म्हणजे माझ्या डुइफोप्रुगार लेबलवाल्या जुन्या व्हायोलिनची वरची फळी! सरस जुना, पार कोरडा झालेला, पातळ सुरी सरकवली की कट कट करत सुटत गेला, फक्त नेकच्या ब्लॉकपाशी (आतला लाकडी ठोकळा) जरा रडवलं. आणि आत बघतो तर बासबार (टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) वेगळा चिकटवलेलाच नाही, टॉपच्याच लाकडातून कोरून काढलाय, कोपऱ्यांत ब्लॉकचा पत्ता नाही. म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या मार्कनॉयकिर्शेनचा घाऊक माल. फ्रान्सच्या मिरकूर गावच्या स्वस्तातल्या व्हायोलिनांतपण असले शॉर्टकट सापडतात, मान्य, पण माझं मत सॅक्सनीलाच.

लेबलवर साल १५१५. गास्पार टीफेनब्रुकरचा, म्हणजेच डुइफोप्रुगारचा, जन्मच १५१४ च्या आसपासचा, म्हणजे पठ्ठ्या पाळण्यात बसून व्हायोलिन करत होता 😄 खरं तर तो फ्रान्समधल्या लियोंला ल्यूट आणि व्हिओल ही जुनी तंतुवाद्यं करायचा, १५७१ ला गेला. ही नक्षीवाली व्हायोलिनं १९ व्या शतकात पॅरिसच्या व्हियोम या व्हायोलिन कारागिराने त्याच्या नावावर खपवली आणि मग सगळ्यांनी री ओढली. लेबलचा सुटलेला कोपरा चिमट्याने उचलून बघितला तर खालचं लाकूडही तेवढंच तपकिरी! कागदाखाली इतकी शतकं झाकलेलं लाकूड फिकट राहायला नको? आधी रंग फासला, मग लेबल डकवलं.

आता किल्ला, म्हणजे बॅकवर, मागच्या फळीवर, असलेलं किल्ल्याचं चित्र. बॅकवरच्या बुरुजांच्या काळ्या पट्ट्या जागोजागी उडाल्यात. सरसात काजळी कालवून भरली, ओलं असताना एकदम लेव्हल, सकाळी बघावं तर मध्ये खड्डा. परत भरली, परत खड्डा, पाणी उडालं की सरस आकसणारच. काळी लाख बसते छान पण तिला गरम सुरी लागते आणि शेजारचं स्पिरिट व्हार्निश लगेच मऊ पडतं. फिंगरबोर्ड तासताना पडलेला एबनीचा (काळ्या कठीण लाकडाचा) भुसा सरसात घातला, तो त्यातल्या त्यात बरा, तरी केसभर खाली बसतोच. (बाटलीतला तयार सरस सुचवू नका, मला तो अजिबात आवडत नाही, दाणे भिजवून गरम केलेलाच खरा.)

त्यात टॉर्च आडवा धरून बघितलं तर वेगळीच गंमत, बुरुज आणि छप्परं खरी जडवलेली आहेत, पण खिडक्या आणि झाडं नुसती शाईने काढलीयेत! त्यामुळे स्पिरिटने साफ करायचा बेत रद्द, आता फक्त कापसाचा बोळा आणि थुंकी. हसू नका, म्युझियमवालेपण हेच करतात.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, भरायचंच कशाला? पर्फ्लिंगची पट्टी (व्हायोलिनच्या कडेने बसवतात ती काळ्या-पांढऱ्या थरांची) भिजवून थर सुटे केले की काळं लाकूड आयतं मिळतं, तेच कापून खाचेत बसवायचं, आकसायचा प्रश्नच नाही. वळणावर जरा वाफ द्यावी लागेल. बासबारला हात लावणार नाही, नवीन घातला तर आवाज सुधारेलही, पण मग या नकलेत बघण्यासारखं राहिलं काय?

कोणाकडे पर्फ्लिंगचे उरलेले तुकडे असतील तर सांगा, लाकडाचेच हवेत, फायबरचे नकोत.