शेपटावर चालणारी गाडी

स्वारगेटला उभं राहून कात्रजला कसं जायचं विचारलंत, तर जुना पुणेकर 'पीएमटी आहे की!' असंच सांगतो. पीएमटी, म्हणजे पुण्याची जुनी शहर बससेवा, २००७ साली इतिहासजमा झाली. तिची आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीची मिळून पीएमपीएमएल झाली. म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड: चार मराठी शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं आणि वर लिमिटेड. एवढी अक्षरं उच्चारेपर्यंत गाडी सुटते, म्हणून घाईतला माणूस 'पीएमपी'वर भागवतो.

पण मला खरी गंमत वाटते ती 'बस'ची. मूळ शब्द ऑम्निबस, लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. १८२६च्या सुमारास फ्रान्समधल्या नांत शहरात स्तानिस्लास बोद्री यांनी अशा गाड्या चालवल्या. १८२९मध्ये जॉर्ज शिलिबीर यांनी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. लोकांनी लवकरच तिची 'बस' करून टाकली. फोटोग्राफचा फोटो होतो, एक्झामिनेशनची एक्झाम होते. शेपूट जातं, धड राहतं. इथे धडच गेलं. 'सर्व' हा अर्थ ज्यात होता तो 'ऑम्नि' गळाला आणि उरला तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय, चतुर्थीचं अनेकवचन. आपण 'सर्वांना'मधलं 'ना' तेवढं ठेवून गाडीला 'ना' म्हणावं, तसं. 'ना आली का?' 'आली ना!'

शाळेत 'देवाय देवाभ्याम् देवेभ्यः' घोकलेल्यांना हा प्रत्यय परका वाटायचं कारण नाही. लॅटिनमधला 'बस' आणि संस्कृतातला 'भ्यः' एकाच कुळातले. ऑम्निबस म्हणजे थेट 'सर्वेभ्यः'. पुढे या शेपटालाच नवी धडं चिकटली: मिनीबस, ट्रॉलीबस. विमानालासुद्धा एअरबस म्हणायचं, म्हणजे कमालच! आणि जे मुळातच अनेकवचन, त्याला इंग्रजांनी आणखी एक अनेकवचन लावून 'बसेस' केलं, ते आपण वर्तमानपत्रांत जसंच्या तसं छापतो. शुद्धलेखनवाल्यांनी 'बसगाड्या' लिहा म्हणून कितीही कानीकपाळी ओरडलं तरी.

चतुर्थी मात्र गाडीच्या आत अजून शाबूत आहे. डावीकडची आसनं महिलांसाठी. कुठे ज्येष्ठ नागरिकांसाठी, कुठे दिव्यांगांसाठी. उरलेले सर्वेभ्यः वरच्या दांडीला धरून उभे, आणि कंडक्टर मागून ओरडतोय, 'चला, पुढे सरका, पुढे सगळी रिकामी आहे!'